एका अंशाला २८ मायक्रोसेकंद

मोटरसायकलचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असतं तेव्हा क्रँकशाफ्टचा एक फेरा १० मिलिसेकंदांत उरकतो. फेऱ्याचे अंश ३६०. एका अंशाच्या वाट्याला येतात जेमतेम २८ मायक्रोसेकंद. ठिणगी कोणत्या अंशावर पाडायची, इंजेक्टर कधी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, हा सगळा हिशेब ईसीयू नावाची छोटी डबी याच मापात करते. ठिणगी चार-पाच अंश आधी पडली तर इंजिन नॉक करू लागतं. उशिरा पडली तर पेट्रोल जळतं, पण ताकद मिळत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, दुचाक्यांमधून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला. आता चाकणकडच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या साध्यासुध्या गाडीतही हा हिशेब करणारा संगणक असतो. देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त दुचाक्या तयार होतात, म्हणजे असे संगणकही जवळपास तेवढेच.

निव्वळ वेग पाहिला तर २८ मायक्रोसेकंद म्हणजे ऐसपैस वेळ आहे. १०० मेगाहर्ट्‌झच्या साध्या मायक्रोकंट्रोलरचे तेवढ्यात २,८०० ठोके पडतात. लॅपटॉपमधल्या ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे ८० हजारांवर पडतात. तरीही लॅपटॉपचा प्रोसेसर आणि त्यावरची नेहमीची ऑपरेटिंग सिस्टिम इंजिनावर बसवायला कोणी धजणार नाही. किंमत, उष्णता, थरथर या अडचणी आहेतच, पण त्या नसत्या तरी उत्तर तेच राहिलं असतं. लॅपटॉप मध्येच कधीतरी अपडेट तपासायला किंवा डिस्कवर काही लिहायला १० मिलिसेकंद दुसरीकडे वळतो. वापरणाऱ्याला ते जाणवतही नाही. तेवढ्यात क्रँकशाफ्टचा अख्खा फेरा होऊन गेलेला असतो.

रिअल-टाइम यंत्रणेसाठी हार्डवेअर निवडताना नवख्यांची गल्लत नेमकी इथे होते. ते सरासरी बघतात, आणि इंजिनाला सरासरीशी देणंघेणं नसतं. त्याला हवी असते मुदत पाळण्याची हमी, आणि ती हमी सर्वांत वाईट क्षणी किती वेळ लागेल यावरूनच देता येते. प्रोसेसरला हवा असलेला आकडा जवळच्या कॅशमध्ये सापडला तर नॅनोसेकंदभरात हाती येतो. तिथे नसला आणि मुख्य मेमरीपर्यंत जावं लागलं, तर लागणारा वेळ १०० नॅनोसेकंदांच्या घरात जातो. सूचना तीच, आकडा तोच, फरक शंभरपट. एरवी कॅशमुळे यंत्र झकास पळतं. पण काम मुदतीत होणारच असं ज्याला लिहून द्यायचं आहे, त्याला दरवेळी आकडा कॅशमध्ये नव्हता असंच धरून चालावं लागतं. मग पैसे मोजून घेतलेला बराचसा वेग हिशेबातून वजा होतो. म्हणूनच या कामाच्या चिपमध्ये प्रोसेसरच्या गाभ्याला (कोअरला) चिकटून थोडी वेगळी मेमरी ठेवतात. ती काही किलोबाइटच असते, पण तिथून आकडा यायला किती ठोके लागणार ते ठरलेलं असतं.

याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण मंगळावरचं आहे. नासाचं इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर १९ एप्रिल २०२१ रोजी तिथे पहिल्यांदा उडालं. वजन १.८ किलो, पात्यांचा व्यास १.२ मीटर. मंगळाची हवा आपल्या हवेच्या तुलनेत एक टक्का, त्यामुळे पाती मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फिरवावी लागत. पृथ्वीवरून संदेश पोहोचायलाच कित्येक मिनिटं लागतात, तेव्हा तोल सांभाळण्याचं काम हेलिकॉप्टरनेच करायचं होतं. त्यात मुख्य संगणक होता स्नॅपड्रॅगन ८०१, मोबाइल फोनसाठी बनलेला, चार गाभ्यांचा, २.२६ गिगाहर्ट्‌झचा, २ जीबी रॅम असलेला. ज्या पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या पोटाखालून ते मंगळावर उतरलं, त्याचा किरणोत्सर्गाला दाद न देणारा प्रोसेसर फक्त २०० मेगाहर्ट्‌झपर्यंत जाणारा. म्हणजे या छोट्या पाखराचा संगणक रोव्हरच्या संगणकापेक्षा कितीतरी पटींनी वेगवान होता.

तरीही पात्यांची सूत्रं त्या वेगवान प्रोसेसरच्या हाती दिली नव्हती. ती होती टीएमएस५७० जातीच्या दोन मायक्रोकंट्रोलरकडे. हे मूळचे गाड्यांच्या सुरक्षा-यंत्रणांसाठी बनवलेले, ३०० मेगाहर्ट्‌झचे, ५१२ केबी रॅमचे. त्यांच्यावर एफपीजीए नावाची, आतली जोडणी गरजेप्रमाणे बदलता येणारी एक चिप लक्ष ठेवून होती. एक मायक्रोकंट्रोलर चुकला तर तिने दुसऱ्याकडे सूत्रं द्यायची. पात्यांचं नियंत्रण सेकंदाला ५०० वेळा चाले. पातं एक फेरा घेई तेवढ्यात सुमारे १२ वेळा, म्हणजे दर ३० अंशांना एकदा. स्नॅपड्रॅगनकडे काम होतं ते जमिनीचे फोटो बघून आपण कुठे आहोत हे ओळखण्याचं, तेही सेकंदाला ३० फोटोंच्या गतीने. ज्याची मुदत २ मिलिसेकंदांची, ते काम हळू पण खात्रीच्या चिपला, आणि ज्याचं गणित अवजड, ते वेगवान चिपला. हार्डवेअर निवडण्याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सापडणं कठीण.

२२ मे २०२१ च्या सहाव्या उड्डाणात या वाटणीची कसोटी लागली. उड्डाणाच्या साधारण ५४ व्या सेकंदाला कॅमेऱ्याकडून येणाऱ्या फोटोंपैकी एक फोटो गळाला. फक्त एक. पण त्यानंतरच्या प्रत्येक फोटोवर चुकीची वेळ लागली. फोटो खरे, वेळ खोटी, त्यामुळे हेलिकॉप्टर स्वतःची गती सारखी चुकीची समजू लागलं आणि मागेपुढे हेलकावे खाऊ लागलं. खालचं ५०० वेळांचं नियंत्रण मात्र ढळलं नाही, आणि मुळात स्थैर्याला भरपूर राखीव जागा ठेवलेली होती. ते ठरल्या जागेपासून पाचेक मीटरवर सुखरूप उतरलं. पाच उड्डाणांसाठी पाठवलेलं ते यंत्र जानेवारी २०२४ पर्यंत ७२ वेळा उडालं.

ही राखीव जागा किती असावी? १९७३ साली लिऊ आणि लेलँड या दोघांनी याचं गणितच मांडलं. प्रोसेसरवर ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करायची कितीही कामं असोत, जे काम जास्त वेळा येतं त्याला अग्रक्रम द्यायचा हा नियम पाळला आणि एकूण भार ६९ टक्क्यांच्या आत ठेवला, तर एकाही कामाची मुदत चुकणार नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. त्याच्या वर गेलात तर कधी निभावतं, कधी नाही, आणि ते प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागतं. जवळपास तिसरा हिस्सा प्रोसेसर रिकामा ठेवायचा हे खरेदी खात्याला पटवणं जड जातं. पण तो रिकामा भाग काय करतो हे २० जुलै १९६९ ला जगाने पाहिलं.

अपोलो ११ चा संगणक आजच्या मापाने अचंबा वाटावा इतका लहान होता. बदलता येणारी मेमरी २,०४८ शब्दांची, एकेक शब्द १५ बिटांचा. कायमची मेमरी ३६,८६४ शब्दांची, तीही तारा ओवून हाताने विणलेली. मेमरीच्या एका फेरीला ११.७ मायक्रोसेकंद लागत. चंद्रावर उतरताना या संगणकावर आधीच साधारण ८५ टक्के भार होता. त्यात रडारच्या जोडणीतल्या दोषामुळे नको असलेली स्पंदनं येऊ लागली, सेकंदाला १२,८०० पर्यंत. एकेक स्पंदन मोजायला मेमरीची एक फेरी खर्ची पडे. १२,८०० गुणिले ११.७ मायक्रोसेकंद म्हणजे दर सेकंदातले १५० मिलिसेकंद, पूर्ण १५ टक्के. जेवढा प्रोसेसर मोकळा होता नेमका तेवढाच हिरावला गेला. १२०२ या क्रमांकाचा इशारा झळकला तो यामुळे. ते उतरणं निभावलं, कारण भार डोक्यावरून गेला की संगणक स्वतःला नव्याने सुरू करी आणि महत्त्वाची कामं आधी उचली. यानाची दिशा आणि इंजिन सांभाळणं चालू राहिलं, पडद्यावरचे आकडे मागे पडले.

५ टक्के, १० टक्के, १५ टक्के हे आकडे कागदावर किरकोळ दिसतात. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ हे युरोपी रॉकेट फ्रेंच गयानातल्या कुरूहून पहिल्यांदा झेपावलं, त्याच्या नाशातही अशाच एका टक्केवारीचा हात होता. रॉकेटची स्थिती मोजणारा संगणक एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता. त्यात सात ठिकाणी मोठे आकडे लहान खणांत भरायचे होते. आकडा मावला नाही तर सावरून घेण्याची सोय सातांपैकी चार ठिकाणी होती. तीन ठिकाणी मुद्दाम केली नव्हती, कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता, आणि एरियान ४ च्या उड्डाणात ते आकडे कधीच एवढे मोठे होत नसत. एरियान ५ जास्त जोराने आडवं सरकत असे. इंजिन पेटल्यानंतर ३७ व्या सेकंदाच्या सुमारास ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांच्या खणात भरताना ३२,७६७ च्या पुढे गेला आणि संगणक बंद पडला. जोडीचा राखीव संगणक तर त्याआधीच्या ७२ मिलिसेकंदांच्या फेरीतच याच कारणाने बंद पडला होता. दोघांचं हार्डवेअर एक आणि प्रोग्रॅमही एक, मग चूक वेगळी कशी होणार? त्या हिशेबाचा रॉकेट सुटल्यावर काही उपयोगही नव्हता, तो जुन्या गरजेपोटी चालू ठेवलेला होता. काही क्षणांत रॉकेटचे तुकडे झाले, आणि त्यावरचे क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रहही गेले.

किती बिटांचा खण घ्यायचा, हा प्रश्न हार्डवेअर निवडताना इतका बारीक वाटतो की बैठकीत कोणी उचलतही नाही. १९९१ च्या आखाती युद्धात पॅट्रिअट क्षेपणास्त्रांच्या संगणकात वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजली जाई आणि गणित २४ बिटांत होई. ०.१ हा आकडा द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिताच येत नाही. २४ बिटांवर तोडला की सेकंदाच्या सुमारे ९५ अब्जांशांची तूट येते. दर दहाव्या भागाला एवढी तूट. सौदी अरेबियातल्या धहरानमधली पॅट्रिअट यंत्रणा सलग १०० तास चालू होती, म्हणजे ३६ लाख वेळा ती तूट साठली आणि ०.३४ सेकंद झाली. येणारं स्कड क्षेपणास्त्र सेकंदाला १,६७६ मीटर वेगाचं. ०.३४ सेकंदांत ते अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे गेलेलं असणार. २५ फेब्रुवारीला यंत्रणा त्याला चुकीच्या जागी शोधत राहिली आणि २८ अमेरिकन सैनिक मारले गेले.

यातून कोणी शिकलं नाही असं नाही, पण प्रत्येक पिढी आपापल्या खणाच्या काठावर येऊन ठेपते. २०१५ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने बोइंग ७८७ चालवणाऱ्या कंपन्यांना आदेश काढला: विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनित्रांच्या नियंत्रकांमधला एक काउंटर भरून वाहतो आणि चारही नियंत्रक एकदम बंद पडू शकतात, त्याआधीच वीज बंद करून पुन्हा सुरू करा. सेकंदाचे शंभर भाग मोजणारा, चिन्हाचा एक बिट सोडून ३१ बिटांचा काउंटर धरला तर तो २४८ दिवस आणि १३ तासांनी भरतो, हे गणित कोणीही करून पाहावं. मिलिसेकंद मोजणारा ३२ बिटांचा काउंटर ४९.७ दिवसांत भरतो. मायक्रोसेकंद मोजणारा १६ बिटांचा तर ६५ मिलिसेकंदांतच. नॅनोसेकंद मोजायचे आणि ६४ बिट वापरायचे म्हटलं तर मात्र ५८४ वर्षांची निश्चिंती आहे.

मेमरी झिजते, हेही नवख्यांच्या पटकन ध्यानात येत नाही. मायक्रोकंट्रोलरमधली फ्लॅश मेमरी साधारण १०,००० वेळा पुसून लिहिता येते. आकडा मोठा वाटतो. पण गाडीचं किलोमीटरचं वाचन एकाच जागी दर सेकंदाला नव्याने लिहायचं कोणी ठरवलं, तर ती जागा पावणेतीन तासांत संपते. पुण्याहून मुंबई येण्याआधीच. म्हणून जाणते लोक लिखाण कमी करतात, जागा फिरती ठेवतात, नाहीतर जास्त टिकणारी वेगळी मेमरी घेतात. हे टेस्लासारख्या कंपनीलाही चुकलं नाही. मॉडेल एस आणि मॉडेल एक्सच्या जुन्या गाड्यांमध्ये ८ जीबीची मेमरी सतत लिहून लिहून झिजली, पडदे बंद पडू लागले, आणि २०२१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

विजेच्या बाबतीत तर पेसमेकरपुढे हात जोडावेत. छातीत बसवलेल्या त्या यंत्राच्या बॅटरीत सुमारे १ अँपिअर-तास वीज असते आणि ती दहा वर्षं पुरवायची असते. दहा वर्षांचे तास ८७,६००. म्हणजे सगळं मिळून सरासरी ११ मायक्रोअँपिअर, त्यातच हृदयाकडे लक्ष ठेवणं, गरज पडल्यास ठोका देणं, आणि डॉक्टरांच्या यंत्राशी बोलणंही. या काळात हृदय ३५ कोटींहून अधिक वेळा धडधडतं. घरातल्या ९ वॅटच्या एका एलईडी दिव्याला जेवढी वीज लागते, तेवढ्यात असे तीन लाखांच्या आसपास पेसमेकर चालतील. इथे चिप निवडताना वेगाचा रकाना कोणी उघडत नाही. झोपेत असताना ती किती वीज खाते ते पाहतात.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण आपल्या नारायणगावजवळ खोडदला आहे. जीएमआरटी या दुर्बिणीच्या ३० डिश, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. एकेक डिश दोन ध्रुवणांचे संकेत पाठवते, एकूण ६०. सुधारित जीएमआरटीत ४०० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा पट्टा टिपता येतो, त्यासाठी प्रत्येक संकेताचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. साठांचे मिळून ४८ अब्ज, दर सेकंदाला. दोन नमुन्यांमध्ये १.२५ नॅनोसेकंदांचं अंतर, ज्यात प्रकाशही ३७ सेंटिमीटरच जातो. पुढे प्रत्येक डिशचा संकेत बाकी प्रत्येक डिशच्या संकेताशी गुणायचा. ३० डिशच्या जोड्या होतात ४३५. दोन्ही ध्रुवणांचे धरून सेकंदाला जवळपास ३५० अब्ज गुणाकार, तेही साधे नव्हेत, संमिश्र (कॉम्प्लेक्स) संख्यांचे. आणि हा ओघ थांबत नाही. एक सेकंद मागे पडलात आणि नमुना अर्ध्या बाइटचा धरला, तरी २४ जीबी तुंबतात. म्हणून तिथे नमुने घेऊन वाटून देण्याचं काम एफपीजीए करतात आणि गुणाकार जीपीयूंवर होतात. पुण्याच्या एनसीआरए संस्थेच्या अभियंत्यांनी उभी केलेली ही रचना जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांच्या कामी येते, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या सीएमएस शोधकयंत्रात तर निर्णयाची मुदत फारच आखूड आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही त्याच्या उभारणीत सहभागी आहे. तिथे दर २५ नॅनोसेकंदांनी प्रोटॉनचे जथे एकमेकांवर आदळतात. यंत्र २१ मीटर लांब. मधोमध निघालेले कण प्रकाशाच्या वेगाने टोकापर्यंत जायला ३५ नॅनोसेकंद घेतात. आधीच्या टकरीतले कण यंत्राबाहेर पडायच्या आत पुढची टक्कर झालेली असते. सेकंदाला ४ कोटी वेळा हे घडतं. त्यातलं काय ठेवायचं आणि काय कायमचं टाकून द्यायचं, हे पहिल्या पायरीवर ४ मायक्रोसेकंदांच्या आत ठरतं. हे खास बनवलेल्या चिप आणि एफपीजीए ठरवतात, साध्या प्रोसेसरचं ते काम नाही.

वेग, मेमरी आणि वीज यांच्यापलीकडे प्रश्न उरतो तो बिघाडाचा. रेल्वेच्या, गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ यंत्रणेला एसआयएल-४ ही सर्वोच्च सुरक्षा-पातळी लागते. या पातळीची किमान अट अशी की धोकादायक बिघाड १० कोटी तासांत एकाहून जास्त होता कामा नये. १० कोटी तास म्हणजे ११,४०० वर्षं. एवढं वाचून माणूस निर्धास्त होतो. पण हेच यंत्र १०,००० इंजिनांवर बसवलं आणि ती सतत धावत राहिली, तर १० कोटी तास ४१७ दिवसांत भरतात. ११,४०० वर्षांचं सव्वा वर्षाच्या आत आलं. त्यामुळे किमान अट जेमतेम पुरी करून भागत नाही, तिच्याही दहापट पुढचा आकडा धरावा लागतो. ११ हजार वर्षं चाचणी कोणी घेऊ शकत नाही. एकेका भागाच्या बिघाडाचा दर मांडून, तेच काम दोन गाभ्यांकडून करवून उत्तरं ताडून पाहून, मग तो आकडा गाठायचा असतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना आणि हिंजवडीपासून चाकणपर्यंत हे काम करणाऱ्या तरुणांना माझी एक विनंती आहे. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ठळक छापलेले मेगाहर्ट्‌झ बघून चिप पसंत करू नका. आतल्या तक्त्यात किमान, नेहमीचा आणि कमाल असे तीन रकाने असतात. १२५ अंश तापमानाला, सगळे इंटरप्ट एकदम आले, कॅशमध्ये काहीच सापडलं नाही, तर किती वेळ लागेल, हे तिसऱ्या रकान्यातले आकडे घेऊन स्वतः बेरीज करून बघा. काउंटर कोणत्या दिवशी भरेल, मेमरी कोणत्या वर्षी झिजेल, तेही त्याच कागदावर लिहा. एकूण भार ६९ टक्क्यांच्या वर गेला तर वरची चिप मागा, आणि खरेदी खात्याने कारण विचारलं तर तो कागद त्यांच्यापुढे ठेवा.